कानातील बिल्ला व रेडिओची खूण

पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी आली, की यंत्र तिचा क्रमांक ओळखते, आडवा दांडा वर जातो व गाडी पुढे निघते. फेब्रुवारी 2021 च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. तेव्हापासून काचेवरील त्या पट्टीचा परिचय आमच्या बहुतेक वाचकांस आहे. परंतु पट्टीस ना बॅटरी, ना तार. मग ती बोलते कशी? आणि गुरांच्या कानातील पिवळा बिल्लाही तशाच जातीचा आहे काय? चोरीस गेलेला बैल त्यावरून सापडेल, अशी समजूत पुष्कळांची आहे. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पट्टीच्या पोटात वाळूच्या कणाएवढी चिप असते व तिला धातूची पातळ अँटेना जोडलेली असते. नाक्यावरील यंत्र रेडिओलहरी सोडते. त्या अँटेनेवर आदळल्या, की तिच्यात क्षीण वीज उत्पन्न होते. तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि आलेल्याच लहरी कमीजास्त प्रमाणात परतवून आपला क्रमांक कळविते. रानात दूरच्या गड्यास आरशाच्या कवडशाने खूण करावी, तसाच हा प्रकार. आरशात स्वतःचा उजेड नसतो. पट्टीत पैसेही नसतात; असतो तो केवळ क्रमांक. त्या क्रमांकापुढे कोणाचे खाते आहे, हे दूरच्या वहीत लिहिलेले असते.

फास्टॅगच्या लहरी कित्येक फुटांवरून काम करितात. पण जनावराच्या अंगातील पाणी त्या शोषून घेते. सबब जनावरांकरिता 134.2 किलोहर्ट्झ या मंद लहरी योजतात. त्या मांसातून आरपार जातात, मात्र वाचणारे यंत्र वीतभर, फार तर हात-दीड हात अंतरावर धरावे लागते. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या काचेच्या कुपीत चिप घालून ती जाड सुईने कातडीखाली सोडतात.

अशी कुपी आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात एका बिबट्यास बसविली गेली होती. 2009 साली टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नरास बाहेर काढून वन खाते व संशोधिका विद्या अत्रेय यांनी त्यास कुपी टोचली, गळ्यात उपग्रहावरून ठिकाण कळविणारा पट्टा बांधला व माळशेज घाटात सोडून दिले. त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवण्यात आले. तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला; तो आजोबाच, हे कातडीखालच्या कुपीवरून ठरले. गळ्यातील पट्टा ‘कोठे’ हे सांगतो, कुपी केवळ ‘कोण’ हे सांगते. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या दिसला, की पिंजरा लावून त्यास दूर नेऊन सोडा, अशी मागणी होते, व ती करणाऱ्यांची भीती खोटी नाही. तथापि सोडलेला प्राणी सोडल्या जागी राहतोच असे नाही. जुन्नर भागातील अभ्यासात तर बिबटे नेऊन सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढल्याचे आढळून आले.

आता आपल्या गुरांकडे वळू. ऑस्ट्रेलियात 2005 पासून गाई-बैलांस रेडिओचे बिल्ले सक्तीचे आहेत. आपल्याकडील पिवळा बिल्ला मात्र रेडिओचा नव्हे. त्यावर 12 आकडी क्रमांक व पट्ट्यापट्ट्यांची खूण छापलेली असते; ती डोळ्यांनी वा फोनच्या कॅमेऱ्याने वाचावयाची. हजारो गुरे अरुंद वाटेने हाकणाऱ्या गोवाऱ्यास रेडिओ परवडतो. इगतपुरीकडे चार डांगी जनावरे बाळगणाऱ्यास डोळे पुरेत, असे आमचे मत आहे. चोरीचा बैल यांपैकी कोणताच बिल्ला शोधून देणार नाही. बैल मिळाल्यावर तो कोणाचा, एवढे सांगेल. आणि तेही वहीत नोंद बरोबर असेल तरच.

या नोंदीतच आपली हयगय होते. 1 जून 2024 पासून बिल्ल्यावाचून जनावराची खरेदी-विक्री करता येऊ नये, तसेच वीज, आपत्ती वा वन्य पशूंच्या हल्ल्यात ते दगावल्यास भरपाई मिळू नये, असा राज्य शासनाचा आदेश आहे. म्हणजे बिबट्याने गोऱ्हा मारला, तर दावणीच्या मालकास हा क्रमांक दाखवावा लागतो. घोटीच्या बाजारात बैल घेताना ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरील आकडे कानातील आकड्यांशी एकेक करून ताडून पाहावेत, आणि ‘भारत पशुधन’ या सरकारी नोंदवहीत मालकी आपल्या नावे चढवून घ्यावी. गव्हाणीस घासून बिल्ला तुटल्यास दवाखान्यात कळवून नवा घालून घ्यावा व जुना क्रमांक जपून ठेवावा. टेम्पो विकणारांनीही काचेवरील फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा. न केल्यास गाडी नव्या मालकाची व टोल आपल्या खात्यातून, असे व्हावयाचे.