विद्युत् मोटारगाड्या आणि वीजजाल
वीजनिर्मिती केंद्रे, उच्च दाबाच्या प्रेषण वाहिन्या, उपकेंद्रे, वितरण रोहित्रे व ग्राहकापर्यंत जाणाऱ्या कमी दाबाच्या वाहिन्या यांच्या परस्परांशी जोडलेल्या व्यूहास वीजजाल म्हणतात. सर्व मोटारगाड्या विद्युत् घटमालांवर चालू लागल्यास त्या भारित करण्याचा बोजा हे जाल पेलू शकेल काय, हा प्रश्न बहुधा एकूण विजेच्या संदर्भात विचारला जातो. वस्तुतः वीज किती लागते यापेक्षा ती केव्हा व कोठे लागते, यावर त्याचे उत्तर अधिक अवलंबून असते.

या बाबतीत नॉर्वेचा अनुभव उद्‌बोधक आहे. तेथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारगाड्यांपैकी जवळजवळ नऊ विद्युत् गाड्या होत्या. मध्यम आकाराच्या गाडीस दर किमी.ला सु. ०·२ किवॉ. तास ऊर्जा लागते. वर्षाला १२,००० किमी. प्रवास धरल्यास देशातील सु. २८ लाख गाड्यांची गरज भारणातील व्यय धरूनही वार्षिक वीजनिर्मितीच्या (सु. १५,००० कोटी किवॉ. तास) पाच टक्क्यांच्या आसपास येते. ही वीज मुख्यत्वे जलविद्युत् आहे. घरे विजेनेच उबदार ठेवली जात असल्याने घरगुती जोडण्याही तेथे मुळातच भक्कम आहेत.

अडचण उद्‌भवते ती गल्लीतील रोहित्रापाशी. घरगुती भारण यंत्र सु. ७ किवॉ. शक्ती घेते, संध्याकाळी घरी परतलेल्या तीस गाड्या एकदम जोडल्या गेल्यास २०० किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचे रोहित्र केवळ त्यांनीच पूर्णपणे व्यापले जाईल. अतिभाराने तापमान वाढते आणि साध्या निरोधक कागदाच्या बाबतीत दर सु. ६° से. वाढीस त्याच्या जीर्ण होण्याचा वेग दुप्पट होतो. तथापि रोज सरासरी ३३ किमी. धावणाऱ्या गाडीस सु. तासाभराचेच भारण पुरते आणि ती रात्रभर उभीच असते. आठ तासांत विभागल्यास हा भार एक किवॉ.पेक्षा कमी, म्हणजे पाणी तापविण्याच्या साध्या उपकरणाहूनही कमी भरतो. मात्र स्वस्त दराची वेळ सुरू होताच सर्व गाड्या एकाच क्षणी भारित होऊ लागल्या, तर मागणीचे नवेच शिखर निर्माण होते. म्हणून प्रारंभाच्या वेळा विखुरणे आवश्यक ठरते. नॉर्वेत २०२२ पासून जालाच्या आकारणीचा काही भाग महिन्यातील निरनिराळ्या दिवसांच्या तीन सर्वोच्च तासांच्या वापरावर ठरतो.

शीघ्र भारण केंद्रांचा प्रश्न वेगळा आहे. १५० किवॉ.ची दहा यंत्रे मिळून १·५ मेवॉ. मागतात आणि वाटसरूला थांबण्यास सांगता येत नाही. येथे साठवण उपयोगी पडते. सॉग्न फ्योर्डवर २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अँपेर’ या विद्युत् तरीसाठी स्थानिक जाल अपुरे असल्याने दोन्ही धक्क्यांवर घटमाला बसविण्यात आल्या. त्या जालातून सावकाश वीज घेतात व तर धक्क्यास लागताच ती झपाट्याने देतात.

भारतात दुचाकी व तीनचाकी विद्युत् वाहनांचे प्रमाण मोठे असून त्यांच्या घटमाला लहान असतात. ३० मे २०२४ रोजी देशाची सर्वोच्च मागणी सु. २,५०,००० मेवॉ. झाली. सौर वीज दुपारी विपुल व सायंकाळी नाहीशी होत असल्याने येथे भारणास दुपारची वेळ अधिक सोयीची. २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांत सौर तासांसाठी कमी दराची तरतूद आहे. पण दुपारी गाडी घरी नसते. त्यामुळे कार्यालये, कारखाने व बाजारपेठा यांच्या वाहनतळांवर भारणाची सोय करावी लागते. मुंबई-पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांत तर इमारतीचा मंजूर वीजभार व सामायिक वाहनतळापर्यंतची तारजोडणी हाच पहिला अडसर ठरतो.