खोडदची दुर्बीण आणि आपण

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख मागविणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा मी दोन दिवस विचारात होते. कविता मला येत नाही, कथा जमत नाही. शेवटी ठरविले की, गेल्या वर्षी फेब्रुवारीत ज्या एका प्रश्नाने माझी फजिती केली, त्याच्याच उत्तराविषयी लिहावे. विषय विज्ञानाचा आहे आणि मी कला शाखेची. 'हिने हे लिहावे काय?' असे कोणास वाटेल. पण मी ते का लिहिले, हे लेख वाचून झाल्यावर कळेल, अशी आशा आहे.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी सर सी. व्ही. रामन यांनी आपला प्रसिद्ध शोध लावला. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतात. या दिवशी आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे मोठे विज्ञान प्रदर्शन भरते. खेड्यापाड्यांतील शाळांची मुले येतात, शेतकरी कुटुंबे येतात, जणू जत्राच भरते. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही काही विद्यार्थी तेथे स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. माझे काम सोपे होते. रांग लावायची, पाण्याची सोय दाखवायची. दुपारी एक वयस्क शेतकरी टोपी सारखी करीत माझ्याजवळ आले नि म्हणाले, "ताई, खरं सांगा. ह्या छत्र्या पाऊस पळवत्यात का?"

मला हसू आले नाही, कारण हेच वाक्य मी माझ्या आजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले आहे. पण उत्तरही देता आले नाही. 'नाही हो बाबा' एवढे म्हणाले खरी, पण 'मग काय करतात?' या पुढच्या प्रश्नाला मी गप्प झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. शिकलेली म्हणून लोक मला विचारतात आणि मला घराजवळची गोष्टही ठाऊक नाही, याची त्या दिवशी फार लाज वाटली. त्यानंतर ग्रंथालयातील पुस्तके आणि आमच्या सरांचे साहाय्य यांच्या जोरावर जे समजून घेतले, ते येथे मांडते.

ही दुर्बीण कोणाची?

नारायणगावहून पूर्वेस खोडदकडे निघाले की, टोमॅटोच्या आणि उसाच्या शेतांमधून प्रचंड जाळीदार तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या दिसतात. हिचे नाव 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जी.एम.आर.टी. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारली. हे केंद्र पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभी केलेली 'आयुका' ही संस्थाही त्याच आवारात आहे. म्हणजे ज्या विद्यापीठाची पदवी आपण घेणार, त्याच्याच अंगणातून ही दुर्बीण चालते.

तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप. त्यांचा जन्म १९२९ चा. परदेशात शिकून ते १९६३ साली भारतात परतले. १९६५ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या कल्याणजवळ मांडून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. पुढे १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभी राहिली. त्यानंतरचे पाऊल म्हणजे आपली खोडदची दुर्बीण. १९९० च्या दशकात तिची बांधणी पुरी झाली आणि २००१ साली ती राष्ट्राला अर्पण केली गेली. प्रा. स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये पुण्यात निवर्तले.

डोळा नव्हे, कान

दुर्बीण म्हटले की, आपण नळीला डोळा लावतो. येथे तसे काही नाही. तारे, वायूंचे ढग, आकाशगंगा यांच्याकडून प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही येतात. या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या. फरक लांबीचा. प्रकाशाची लहर केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते, तर या दुर्बिणीने टिपलेल्या लहरी सुमारे एका वितीपासून मीटर-दोन मीटरपर्यंत लांब असतात. म्हणूनच नावात 'मीटरवेव्ह' आहे. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. तबकडी त्या गोळा करते, एका जागी आणते आणि यंत्रे त्यांची नोंद करतात.

येथेच पावसाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिली गोष्ट म्हणजे, तबकडी आभाळात काहीही सोडत नाही. ती फक्त घेते. परसात ठेवलेली परात जशी पावसाचे पाणी झेलते, ढगाला काही करीत नाही, तशीच ही. दुसरी गोष्ट अशी की, या लांब लहरी ढगांतून सहज आरपार येतात. रात्र असो, दिवस असो, आभाळ भरून आलेले असो, दुर्बिणीचे काम चालूच राहते. जिला ढगांची अडचणच नाही, ती ढगांना कशाला पळवील?

सोळा गुंठ्यांची तबकडी

तबकड्या एकूण ३० आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर एका तबकडीचे तोंड सुमारे १६ गुंठ्यांचे. तीस मिळून जवळजवळ १२ एकर भरतात.

एवढी मोठी तबकडी पत्र्याने मढविली असती, तर तिचे वजन आणि खर्च दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते, वाऱ्याचा मार लागला असता तो वेगळाच. प्रा. स्वरूप यांनी युक्ती काढली. पोलादी नळ्यांच्या कमानी, त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा, आणि तारांवर बारीक पोलादी तारेची जाळी. जाळीतून लहर निसटून जाणार नाही काय? चाळणीतून पीठ पडते, पण गहू पडत नाही. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आणि लहर वीस सेंटिमीटरांहूनही लांब. लहर अडते, वारा मात्र निघून जातो. त्यामुळे तबकडी हलकी झाली आणि थोड्या खर्चात तीस उभ्या राहिल्या.

पण तीस कशाला? लांबचे बारीक पाहायचे तर दुर्बिणीचे तोंड फार रुंद हवे. कित्येक किलोमीटर रुंदीची तबकडी कोणी बांधू शकत नाही. म्हणून १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या टापूत ठेवल्या आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या तीन फाट्यांवर दूरदूर मांडल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. प्रत्येकीने ऐकलेले काचतंतूच्या तारांतून मुख्य केंद्रात येते. तेथे संगणक प्रत्येक तबकडीची दुसरीशी जोडी जुळवितो. अशा ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशा या जोड्यांच्या दिशाही आकाशाच्या संदर्भात फिरतात आणि हळूहळू चित्र भरत जाते. तीस कान मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एका दुर्बिणीइतके बारकाईने ऐकतात.

खोडदमध्ये काय काय ऐकू आले?

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'स्कियापरेली' नावाचे यान मंगळावर उतरत होते. त्याचा अगदी क्षीण संदेश सुमारे १७ कोटी किलोमीटरवरून, पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून आला आणि तो खोडदच्या तबकड्यांनी टिपला. यान उतरण्याच्या बेतात असताना संदेश थांबला. ते मंगळावर आदळले, हे पुढे स्पष्ट झाले. त्या दिवशी युरोपचे शास्त्रज्ञ खोडदकडे कान लावून बसले होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

विश्वात सर्वांत विपुल असलेला हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने फार लांबून येणारी ही लहर वाटेत ताणली जाते आणि दुपटीच्या आसपास लांब होऊन पोहोचते. २०२० साली पुण्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या आकाशगंगांतील हायड्रोजन मोजला. आपली पृथ्वी सुमारे ४५० कोटी वर्षांची, म्हणजे पृथ्वी जन्मण्याच्या कितीतरी आधी निघालेली लहर आपल्या शेतांच्या कडेला येऊन पोहोचली!

काही मृत तारे घड्याळासारखे नियमित ठोके देत फिरतात. त्यांना 'पल्सार' म्हणतात. त्यांच्या ठोक्यांत होणारा सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे मोजून, विश्वात अतिमंद गुरुत्वलहरी पसरल्या असल्याचा पुरावा जून २०२३ मध्ये जगातील अनेक गटांनी मांडला. त्यांत भारतीय गटाची निरीक्षणे खोडदची होती.

२०२० साली आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने या दुर्बिणीला 'मैलाचा दगड' म्हणून मान दिला. भारतातील असा मान त्यापूर्वी जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कार्यालाच मिळाला होता. बोस, रामन आणि त्यानंतर आपले खोडद!

शांततेची किंमत

आता थोडे कडू बोलते. ही जागा निवडण्याची कारणे अनेक होती. पुणे जवळ, वारा बेताचा, भोवती डोंगरांची आडोशाची भिंत. पण मुख्य कारण हे की, येथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की, आपल्या हातातला मोबाईल त्याच्यापुढे ढोलताशा ठरतो. विजेच्या तारांवरची ठिणगी, कारखान्यातील यंत्रे, मोबाईलचे मनोरे या सर्वांचा त्याला उपद्रव होतो. म्हणून शासनाने या परिसरात कारखानदारीवर बंधने घातली. पुणे-नाशिक जलद रेल्वेची पहिली आखणी याच भागातून होती. तिच्यामुळे दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, म्हणून मार्ग बदलावा लागेल, असे रेल्वे मंत्रालयाने २०२४-२५ च्या सुमारास सांगितले.

आमच्या पारावर यावर खूप चर्चा झाली. रेल्वे आली असती, तर माल लवकर पोहोचला असता, पोरांना जाणे-येणे सोपे झाले असते, असे लोक म्हणतात. माझे वडीलही तेच म्हणतात, आणि ते चूक आहेत असे मला वाटत नाही. टोमॅटोचा भाव पडला की घरात काय होते, ते मी पाहिले आहे. उलट, दुर्बिणीचे शास्त्रज्ञ जे सांगतात, तेही खरेच आहे. एकदा गोंगाट वाढला की, ही शांतता पुन्हा विकत मिळणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या असताना निकाल देण्याएवढी मी मोठी नाही.

पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. जगातले शास्त्रज्ञ जे ऐकतात, त्यात आपल्या गावांनी राखलेल्या शांततेचा वाटा आहे. ज्याने वाटा दिला, त्याला त्या बदल्यात काय मिळाले, हे कळण्याचा हक्क आहे. आणि ते त्याच्या भाषेत कळले पाहिजे. इंग्रजी निबंधांत ते छापून येते, पण पारावर पोहोचत नाही. मग तेथे 'छत्र्या पाऊस पळवतात' हेच पोहोचते. त्यात त्या माणसांचा काय दोष? 'पिकते तेथे विकत नाही' म्हणतात, पण आपल्याकडे काय पिकले, हे सांगणारा तरी कोणी हवा.

ते सांगणे हे कला शाखेच्या विद्यार्थ्यांचेही काम आहे, असे मला वाटते. गणित शास्त्रज्ञ करतील. परात, चाळण आणि गुंठे मात्र आपल्याकडे आहेत. पुढच्या विज्ञान दिनाला आपल्या महाविद्यालयाने सोप्या मराठीत चार पानांची माहितीपत्रिका काढावी आणि आपण ती प्रदर्शनात वाटावी, अशी मी या लेखाद्वारे विनंती करते. लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन.

दिवाळीच्या सुटीत मी आजीला हे सारे सांगितले. परातीची गोष्ट तिला पटली. पावसाचे काही ती बोलली नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हंजे आपण गप बसलो तर त्यांना ऐकू येतं. मग आपलं कोण ऐकतंय गं पोरी?"

याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. तूर्त, तिचा प्रश्न या अंकात छापून यावा, एवढी तजवीज मी केली आहे.