अपरिचित संकट आणि बुद्धीचें साहाय्य

अनुभव हें शेतकऱ्याचें मोठें भांडवल होय; परंतु जें संकट वाडवडिलांनींही पाहिलें नाहीं, तेथें तें अपुरें पडतें. इ. स. २०१८ मध्यें अमेरिकन लष्करी अळी प्रथम कर्नाटकांत आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांतील मक्यावर आली. तिचा पूर्वानुभव येथें कोणासच नव्हता.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनीं सांठविलेलें ज्ञान व नव्या प्रसंगीं चालणारी तर्कशक्ति यांत भेद केला आहे. अशा वेळीं ही दुसरी शक्तीच तारते. तिचीं पावलें चार. प्रथम निरीक्षण: अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण, शेपटीजवळ चौकोनांत चार काळे ठिपके. मग तुलना: खोडकिड्याच्या लहान अळीप्रमाणें हीही पोंग्यांत दडते. त्यावरून अनुमान: पानांवर उडविलेलें औषध तिला पोंचणार नाहीं, तें पोंग्यांतच पडलें पाहिजे. शेवटीं पडताळा: कांहीं ओळींवर उपाय करावा, कांहीं तशाच ठेवाव्या व फरक पाहावा.

शेजाऱ्यानें फवारलें म्हणून आपणही फवारणें यांत बहुधा द्रव्यनाशच होतो. हीं चार पावलें अंगवळणीं पडलीं म्हणजे उद्यांची अनोळखी कीडही आपणांस गोंधळांत पाडणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.