भाड्याचे उत्पन्न आणि आगाऊ कर

पगारातून प्राप्तिकर दरमहा कापला जातो, तेव्हा सरकारचे देणे फिटले, अशी नोकरदाराची समजूत असते. परंतु इंदुरास वा बडोद्यास घराचा वरचा मजला भाड्याने देणाऱ्यास ही समजूत महागात पडते.

समजा, मासिक भाडे 8,000 रुपये आहे. वर्षाच्या 96,000 रुपयांतून भरलेली घरपट्टी 6,000 वजा केली, उरलेल्या 90,000 वर कायद्याची 30 टक्के वजावट घेतली, की 63,000 रुपये करपात्र राहतात. 20 टक्के दर लागू असल्यास उपकरासह कर 13,104 रुपये होतो. पगारातून न कापलेला कर 10,000 रुपये वा अधिक असला, तर तो वर्ष संपण्यापूर्वीच भरावा लागतो : 15 जूनपर्यंत एकूण 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत संपूर्ण. हप्ता चुकल्यास दरमहा 1 टक्का व्याज लागते.

याहून सोपी वाट आहे. भाड्याचे उत्पन्न आपल्या कचेरीस लेखी कळवावे. मग तोही कर पगारातूनच कापला जातो. वर्षारंभी एवढे करणाऱ्यास मार्चमध्ये धावपळ करावी लागत नाही.