नाणेघाट, एकटीनं!

बाईनं घराबाहेर पडायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'सोबत कोण आहे?' माहेरी जायला मुलगा, बाजाराला शेजारीण, देवदर्शनाला भिशीतल्या बायका. पण स्वतःसाठी, एकटीनं, एक अख्खा दिवस? तो आपल्या हिशेबातच नसतो. पंचेचाळिशी उलटल्यावर मी तो दिवस घेतला. मागून नाही, सांगून! घरी थोडी कुरकुर झाली. मी पोळ्या-भाजी करून ठेवली आणि निघाले.

कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव आहे. तिथून पुढं नाणेघाटाची वाट सुरू होते. मान वर केली की डोंगरमाथ्यावर उभारलेल्या अंगठ्यासारखा कातळ दिसतो. हाच 'नानाचा अंगठा'. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून आपला सह्याद्री घडला, त्या थरांच्या रेघा या कड्यावर स्पष्ट दिसतात.

झाडीतून, मग दगडी पायऱ्यांवरून दोन-तीन तासांची चढण. मी दर अर्ध्या तासानं बसत होते. घाई करायला कुणी नव्हतं, हेच केवढं सुख! वाटेत डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटली. म्हणाली, "एकलीच का?" मी म्हटलं, "हो." ती हसली, "मीबी एकलीच." मग मनात आलं, कामाला जाणाऱ्या बाईला सोबत कोण, हे कुणी विचारत नाही. प्रश्न पडतो तो बाई स्वतःच्या आनंदासाठी निघाली की!

घाटाच्या तोंडाशी गुहा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल याच वाटेनं जाई. गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलाय. तो आहे सातकर्णीची राणी नागनिका हिचा. यज्ञ, दान दिलेल्या गायी, नाणी, सगळ्याचा आकड्यांसकट हिशेब! नवऱ्यामागं तिनंच कारभार पाहिला, असं अभ्यासक मानतात. राजघराण्याचे पुतळे भंगले. उरली फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं. त्यात तिचंही नाव आहे.

घळीतून वर आलं की मोठा दगडी रांजण दिसतो. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. पुढं गवताच्या उतारावरून अंगठ्याच्या टोकाशी जाता येतं. समोर एकदम तुटलेला कडा, खाली सारं कोकण. शेजारी जीवधन किल्ला. मी डबा उघडला आणि बऱ्याच वर्षांनी गरम पोळी कुणाला वाढायची, हा विचार न करता जेवले.

मैत्रिणींनो, जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार निवडा, वाटेवर वर्दळ असते. भर पावसात वाऱ्यानं धबधबा उलटा उडतो म्हणून गर्दी उसळते, पण दगड निसरडे होतात, एकटीनं ते नकोच. सकाळी लवकर चढायला लागा, तीन लिटर पाणी, पकड असलेले बूट, शिट्टी घ्या. परतायची वेळ घरी सांगा, ऊन कलायच्या आत उतरायला लागा. कड्याच्या काठाशी जाऊ नका.

नाणेघाट लांब पडत असेल तर गावाजवळची टेकडी चालेल. पण कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी एका तारखेला स्वतःचं नाव लिहा. ते पुसू मात्र नका!