अडीअडचणीची शिदोरी

संकट कधी सांगून येत नाही. भरल्या बाजारात एखाद्या वृद्धाला उन्हाने भोवळ येते, शेताच्या बांधावरून उतरताना कोणाचा पाय मुरगळतो, यात्रेच्या गर्दीत एखाद्याच्या हाताला खोल जखम होते. अशा वेळी डॉक्टर, पोलीस किंवा अग्निशामक दल यांची मदत मिळते. परंतु ती येऊन पोहोचण्यास काही वेळ हा लागतोच. संकट ओढवल्यापासून ही मदत येईपर्यंतचा अवधी फार मोलाचा असतो. त्या अवधीत संकटग्रस्ताला आधार असतो तो केवळ जवळ उभ्या असलेल्या मनुष्याचा आणि त्या मनुष्याजवळील चार साध्या वस्तूंचा.

पूर्वीचे प्रवासी ही गोष्ट जाणून होते. आगगाड्या व मोटारी नव्हत्या, त्या काळी वाटसरू घरातून निघताना लोटा आणि दोरी बरोबर घेत असे. वाटेत विहीर लागली, तरी पाणी शेंदण्याचे साधन तेथे असेलच, असा भरवसा नसे. धनगराच्या खांद्यावर घोंगडी असे व हातात काठी असे. ती घोंगडी थंडीत पांघरूण होई, पावसात डोक्यावरची खोळ होई आणि कोणी जायबंदी झाल्यास दोन काठ्यांच्या साहाय्याने तिचीच डोली करता येई. घरातील आजीच्या बटव्यात सुंठ, ओवा, हिरडा व जायफळ हमखास सापडत. यांपैकी एकही वस्तू मौल्यवान नव्हती. परंतु प्रत्येक वस्तूचा उपयोग एकाहून अधिक प्रकारे होत असे, आणि तो केवळ जवळ बाळगणाऱ्यालाच होई असे नाही. ज्या लोट्याने वाटसरू आपली तहान भागवी, त्याच लोट्याने तो वाटेत भेटलेल्या अनोळखी मनुष्याचीही तहान भागवी.

आज लोटा व दोरी मागे पडली. त्यांच्यामागचा विचार मात्र जुना झालेला नाही. आजच्या काळात अशी शिदोरी बांधावयाची झाल्यास तिच्यात पहिला मान द्यावा लागेल तो स्वच्छ कापडाला. चौकोनी कापड कर्णावर दुमडले की त्रिकोण होतो. या त्रिकोणी पट्टीचा फार मोठा प्रसार फ्रीडरिख फॉन एस्मार्क या जर्मन शल्यवैद्याने एकोणिसाव्या शतकात केला. पट्टी कोठे व कशी बांधावी याची चित्रे त्याने त्या कापडावरच छापून घेतली होती. त्यामुळे रणांगणावरील साध्या शिपायालाही तिचा उपयोग करता येई. मोडलेला हात गळ्यात अडकविण्यासाठी झोळी, डोक्याच्या जखमेवर बांधण्यासाठी पट्टी, मोडलेल्या हाडाला आधार म्हणून ठेवलेली वर्तमानपत्राची जाड घडी बांधण्यासाठी बंध, अशी अनेक कामे हे एकच कापड करते. बालवीरांच्या गळ्यातील रुमाल हा केवळ शोभेचा नसतो, तो याच कारणासाठी.

जखमेतून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी तिच्यावर ठेवून ती तळहाताने घट्ट दाबून धरावी. कापड रक्ताने भिजले, तरी ते काढू नये. त्यावरच दुसरी घडी ठेवून दाब कायम राखावा. भिजलेले कापड ओढून काढले, तर गोठू लागलेले रक्त पुन्हा वाहू लागते.

कापडाच्या जोडीला दोन-तीन सेफ्टी पिना असाव्यात. वॉल्टर हंट या अमेरिकन कारागिराने 1849 साली ही पिन तयार केली. तारेच्या एका वेटोळ्यामुळे तिला स्प्रिंगचा ताण मिळतो, आणि टोक टोपणात बसत असल्यामुळे ते कोणाला टोचत नाही. गळ्यातील झोळी पक्की करणे, तुटलेला पट्टा जोडणे, फाटलेला सदरा सावरणे, ही कामे ती क्षणात करते.

बळकट दोरीचे महत्त्व पाण्याच्या काठी कळते. बुडणारा मनुष्य घाबरलेला असतो आणि हाताशी येईल त्याला तो मिठी मारतो. म्हणूनच त्याला वाचविण्यासाठी उडी घेणारा पुष्कळदा स्वतःच बुडतो. काठावर पालथे पडून दोरीचे टोक त्याच्याकडे फेकावे, हा अधिक सुरक्षित मार्ग होय. दोरी नसेल, तर लांब काठी, फेटा किंवा लुगडेही तेच काम करते.

यानंतर येते शिट्टी. तिला मुलांचे खेळणे समजून कमी लेखू नये. 1912 सालच्या एप्रिल महिन्यात ‘टायटॅनिक’ ही प्रचंड आगबोट अटलांटिक महासागरात बुडाली. त्या रात्री सुमारे तीस माणसे एका उलट्या झालेल्या नावेच्या पाठीवर उभी राहून, बर्फासारख्या थंड पाण्यात तोल सांभाळत होती. त्यांच्यात आगबोटीवरील लाइटोलर नावाचा एक अधिकारी होता. उजाडू लागताच काही अंतरावर इतर नावा दिसल्या. तेव्हा लाइटोलरने खिशातील शिट्टी काढून फुंकली. तो आवाज ऐकून दोन नावा जवळ आल्या आणि त्यांनी या सर्वांना उचलून घेतले. रात्रभर गारठलेल्या माणसांच्या हाकांना जे कदाचित साधले नसते, ते एका शिट्टीने साधले.

याचे कारण उघड आहे. ओरडून मनुष्याचा घसा लवकरच बसतो; शिट्टीला मात्र थोडासा श्वास पुरतो, आणि तिचा तीक्ष्ण आवाज वारा व गोंगाट यांतूनही दूरवर ऐकू जातो. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याखाली अडकलेल्याला किंवा डोंगरात वाट चुकलेल्याला तिचा मोठा आधार वाटतो. गिर्यारोहकांनी यासाठी एक संकेतही ठरविला आहे. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. ऐकणाऱ्याने एका मिनिटात तीन शिट्ट्या वाजवून उत्तर द्यावे. अंधारात हाच संकेत विजेरीच्या उघडझापीनेही देता येतो.

सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत मोठा चमत्कार घडविणाऱ्या वस्तू स्वयंपाकघरातच असतात. त्या म्हणजे मीठ आणि साखर. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लक्षावधी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. या रोगात जुलाब व वांत्या यांमुळे शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात आणि रोगी काही तासांतच दगावू शकतो. शिरेतून क्षारयुक्त पाणी देण्याचा उपाय ज्ञात होता. परंतु रोगी असंख्य होते आणि ते पाणी संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवून ते रोग्यांना पिण्यास देण्याचे ठरविले. रोग्यांचे आप्तच पेल्याने ते पाणी पाजू लागले. जेथे शंभरांत सुमारे तीस रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. पुढे जगभर या उपायाचा स्वीकार झाला. डॉ. महालनबीस 2022 साली निवर्तले. 2023 साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर ‘पद्मविभूषण’ हा पुरस्कार दिला.

यामागील शास्त्र असे की, साखर आतड्यातून शोषली जाताना मिठाला आपल्याबरोबर नेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शिरते. औषधांच्या दुकानात मिळणारी क्षार-साखरेची पुडी हेच काम करते. ती पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे. माप मात्र नीट पाळावे. कारण मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. शिवाय, हे पाणी देत असतानाच रोग्याला डॉक्टरांकडे नेण्याची तजवीज करावी.

शिदोरीत अखेरची वस्तू म्हणजे कागदाची एक चिठ्ठी. तिच्यावर आपले नाव, पत्ता, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक आणि एखादे औषध सोसत नसल्यास त्याचे नाव लिहिलेले असावे. मोबाईल बंद पडू शकतो, बेशुद्ध मनुष्य बोलू शकत नाही. चिठ्ठी मात्र बोलते. संकटकाळी साह्य मागण्यासाठी भारतात 112 हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक पाठच असावेत.

वस्तू जवळ असल्या, म्हणजे सर्व काही झाले असे मात्र नाही. पुष्कळ वस्तूंचे गाठोडे जड होते आणि नेमक्या दिवशी घरीच राहते. म्हणून वस्तू मोजक्याच असाव्यात. विजेरीतील सेल उतरलेले नाहीत ना, कापड स्वच्छ आहे ना, पुडीची मुदत टळलेली नाही ना, हे अधूनमधून पाहावे. काडेपेटी, चाकू यांसारख्या वस्तू मुलांनी जवळ बाळगू नयेत, आणि आपल्या मनाने कोणाला औषध देऊ नये. गाठ कशी मारावी, पट्टी कशी बांधावी, हे आधीच शिकून ठेवावे. कारण रक्त वाहू लागल्यावर ते शिकण्यास वेळ नसतो.

कित्येक लोक अपघात पाहूनही पुढे होत नाहीत. आपल्यामागे चौकशीचे झेंगट लागेल, अशी त्यांना धास्ती वाटते. परंतु 2019 साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या सुधारणेने, अपघातग्रस्ताला सद्‍भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्यामुळे ती सबबही आता उरलेली नाही.

कापड, पिना, दोरी, शिट्टी, विजेरी, पुडी आणि चिठ्ठी ही सारी शिदोरी एका लहानशा पिशवीत मावते. वर्षभरात ती उघडण्याची वेळ एकदाही आली नाही, तर उत्तमच. परंतु ज्या दिवशी ती उघडावी लागेल, त्या दिवशी ती बहुधा दुसऱ्यासाठीच उघडली जाईल; आणि ज्याच्यासाठी ती उघडली, तो मनुष्य त्या कापडाचा अथवा दोरीचा तुकडा जन्मभर विसरणार नाही.