पेट्रोल भरलं आणि गाडी थरथरायला लागली?

मलकापूर किंवा खामगावात टाकी फुल्ल केली, चावी फिरवली आणि गाडी जागेवर थरथरते, आरपीएमचा काटा नाचतो. लगेच पंपाला दोष देऊ नका. आधी वेळ बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

स्टार्ट करताच त्रास, दोन-चार मिनिटांत गाडी सुरळीत आणि दर वेळी टाकी भरल्यावरच असं होत असेल, तर पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते आणि हा व्हॉल्व्ह ती बेताने इंजिनाला देतो. तो उघडाच अडकला की भरताना उसळलेली वाफ थेट आत जाते. तपासणी सोपी: थंड इंजिन चालू करून व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा, व्हॉल्व्हच्या त्या तोंडाला बोट लावा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह गळतोय. नोझल आपोआप बंद झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणणंही सोडा. जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून तो खराब होऊ शकतो.

पण चिखलीहून निघून काही किलोमीटरवर त्रास सुरू झाला आणि थांबलाच नाही, तर इंधन तपासा. नमुना काचेच्या बाटलीत स्थिर ठेवा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की तळाशी वेगळा थर दिसतो. तसं दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका, टाकी रिकामी करून घ्या.

पंपावर फिल्टर पेपर आणि घनता तपासणी मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. बिल जपून ठेवा.